वाळवंटातला घोडा : एका चित्रविषयाची पार्श्वभूमी

घोडा आणि वाळवंट यांची जोडी चित्रकलेत आता इतकी रुळली आहे की, हे दोन्ही विषय बरोबरीनेच कलेत आले असावेत, असे वाटते. प्रत्यक्षात घोडा फार आधी आला आणि वाळवंट दीर्घकाळ त्याच्या पायाखालची जमीन एवढेच राहिले.

अल्जीरियातील तासिली नाज्जेर पठारावरच्या शैलचित्रांत सुरुवातीला हिरव्या सहारातील गुरे आणि जिराफ दिसतात. हवामान कोरडे पडल्यावर, म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास, चारही पाय ताणून रथ ओढणारे घोडे तेथे अवतरतात; वाळू मात्र कोणी रंगवलेली नाही. याह्या अल-वासितीने १२३७ मध्ये चितारलेल्या ‘मकामात’ या अरबी कथासंग्रहाच्या हस्तलिखितातही निशाणे घेतलेल्या घोडेस्वारांची गर्दी अप्रतिम आहे, पण त्यांच्यामागे आहे तो कोरा कागद.

युरोपीय चित्रकलेत हा विषय रुजवण्याचे मोठे श्रेय यूजेन देलाक्रवा यांच्याकडे जाते. १८३२ मध्ये फ्रेंच राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर ते मोरोक्कोला गेले आणि तांजिरहून मेक्नेसपर्यंत घोड्यावरून प्रवास करताना त्यांनी वह्या रेखाटनांनी भरल्या. घाईत रंग लावणे शक्य नसे, तेव्हा रंगांची नावे चित्राशेजारीच लिहून ठेवली. तांजिरजवळ त्यांनी दोन घोड्यांची झुंज पाहिली. ती त्यांच्या मनात किती खोल रुतली होती, हे तबेल्यात एकमेकांवर तुटून पडलेल्या अरबी घोड्यांच्या १८६० मधील चित्रावरून कळते. तरीही खरे वाळवंट त्यांनी पाहिले नव्हते, कारण त्यांचा मार्ग शेते आणि कुरणे असलेल्या उत्तर मोरोक्कोतून गेला होता.

वाळवंटाच्या उंबरठ्यावर पोहोचले ते यूजेन फ्रोमांतॅं. १८५३ मध्ये ते सहाराच्या सीमेवरील लाघुआत येथे गेले, तेव्हा फ्रेंच सैन्याने काही महिन्यांपूर्वीच केलेल्या कत्तलीतून ते गाव अजून सावरलेले नव्हते. या चित्रकारांच्या वाटा लष्करी आक्रमणाने मोकळ्या केल्या होत्या, आणि त्यांच्या चित्रांचे कौतुक करताना हे विसरणे योग्य नाही. फ्रोमांतॅं यांना अरबी घोड्यांची ओढ होतीच. पण भर दुपारचा प्रकाश आणि उष्णता त्यांनी रंगांत आणि लेखणीतही पकडण्याचा ध्यास घेतला. पुढे ग्युस्ताव गियोमे यांनी १८६७ च्या ‘सहारा’ या चित्रात घोडा पूर्णपणे वगळला. समोर उंटाचा सांगाडा, मागे क्षितिजापर्यंत पसरलेले सपाट रान आणि दूरवर पुसट दिसणारा तांडा, एवढेच त्यांना पुरेसे वाटले. माझ्या मते, वाळवंट स्वतःच चित्राचा नायक झाल्याचे इतके निःसंदिग्ध उदाहरण त्यापूर्वी क्वचितच सापडेल.

घोड्याच्या चित्रणाला वेगळे वळण मिळाले ते १८७८ मध्ये. एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात खरे, पण त्या क्षणी ते ताणलेले नसून पोटाखाली आखडलेले असतात, हे त्यांतून सिद्ध झाले. ॲरिझोनाच्या रखरखीत प्रदेशात घोडदळाबरोबर फिरलेल्या फ्रेडरिक रेमिंग्टन यांनी हे ज्ञान आत्मसात केले. त्यांच्या १८८९ मधील ‘अ डॅश फॉर द टिंबर’ या भव्य चित्रात आठ स्वार थेट समोर दौडत येतात; घोड्यांचे खूर अधांतरी आहेत आणि त्यांखालच्या कोरड्या जमिनीची धूळ, ऊन आणि सावल्या घोड्यांइतक्याच बारकाईने रंगवलेल्या आहेत.