फास्टॅग वेगळा, व्हीटूएक्स वेगळं

पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात असं धुकं उतरलं होतं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसेपर्यंत ट्रक अंगावर आलेला असायचा. घाट चढून टोलनाक्यावर आलो, तर फास्टॅग वाचला जाईना. शेवटी पोरगा हातातलं मशीन घेऊन काचेपाशी आला, टुंग वाजलं, दांडा वर गेला. शेजारी बसलेले मामा म्हणाले, "नाक्याशी बोलते ना रे तुझी गाडी? मग घाटात पुढं ट्रक उभाय, हे का नाही सांगत?"

मामांची गल्लत बऱ्याच जणांची होते.

फास्टॅगला बॅटरी नसते. काचेवरच्या स्टिकरच्या पोटात एक चिप आणि पातळ अँटेना, एवढाच त्याचा संसार. नाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि त्याच लहरी थोड्या फेरफारानं परतवून आपला नंबर सांगते. पल्ला जेमतेम काही मीटर. पैसे कापणं वगैरे सगळं पुढचं काम नाका आणि बँकेचं. गाडीच्या वायरिंगशी टॅगचा संबंधच नाही, त्यामुळे वेग किती, ब्रेक दाबला का, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. काचेवर धातूचा थर असला तरी बिचारा मुका होतो.

मामांना हवं होतं ते व्हीटूएक्स (व्हेइकल-टू-एव्हरीथिंग), म्हणजे गाडीनं इतर गाड्यांशी आणि रस्त्याकडेच्या यंत्रांशी रेडिओवरून बोलणं. यात गाडीचा स्वतःचा रेडिओ असतो, बहुधा ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. तो कुणी विचारायची वाट बघत नाही. मी इथं आहे, वेग इतका, दिशा ही, ब्रेक दाबलाय, असं सेकंदाला साधारण दहा वेळा आसपासच्या सगळ्यांना सांगत राहतो. मोकळ्या रस्त्यावर हे काहीशे मीटरपर्यंत ऐकू जातं. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते, म्हणजे दोन संदेशांच्या मध्ये सव्वादोन मीटर. म्हणूनच हे बोलणं टॉवर आणि सर्व्हरचा वळसा न घेता थेट चालतं.

घाटात मात्र एक पेच आहे. या लहरी कड्याला वळसा घालून जात नाहीत, त्यामुळे वळणापलीकडचा ट्रक कितीही ओरडला तरी ऐकू येणार नाही. तिथं वळणाच्या बाहेरच्या कडेला, दोन्हीकडचा रस्ता दिसेल अशा जागी, खांबावर रेडिओ बसवावा लागतो. तो इकडचं ऐकून तिकडं सांगतो. शहरात हाच खांब सिग्नल हिरवा व्हायला किती सेकंद उरलेत तेही गाडीला कळवू शकतो.

व्हीटूएक्समध्येही दोन घराणी आहेत: वाय-फायच्या कुळातलं ८०२.११पी (२०१०) आणि मोबाइलच्या कुळातलं सी-व्हीटूएक्स (२०१७). एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, हा वेगळाच वैताग.

२०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. पण एकट्याच्याच गाडीला असता तरी तो कामाचा होता, कारण ऐकायला नाका होता. व्हीटूएक्सची पहिली गाडी घेणारा मात्र एकटाच बडबडत बसणार. हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "मग खांबावरच कॅमेरा लावा. ट्रक मुका असला तरी खांब बोलेल."

मामांना माहीत नव्हतं, पण अशी सोय खरोखरच आहे. कॅमेरा किंवा रडार जोडलेला खांब त्याला दिसलेल्या मुक्या गाड्यांचीही खबर देतो. ती ऐकायला रेडिओ मात्र आपल्या गाडीत लागतो.