मेक आणि सीमेक: बिल्ड नेमकं कोण करतं?

इथे नागपुरात, गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, नवीन मुलं मला हमखास विचारतात, "दादा, सीमेक चालवलं, एररही आली नाही न, मग प्रोग्राम कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. मेक आणि सीमेक ही दोन्ही बिल्डची, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याची, साधनं. नावं अशी की सीमेक ही मेकचीच सुधारित आवृत्ती वाटावी. पण दोघांची कामं वेगळी आहेत.

मेक स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. कोणती फाइल कशापासून बनते आणि त्यासाठी कोणती कमांड लागते, ते मेकफाइलमध्ये लिहायचं. मेक फायलींच्या वेळा बघतं आणि सोर्स फाइल नवी असेल तरच ती पुन्हा कंपाइल करतं, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलतं. इतकी साधी कल्पना, आणि अजून टिकून आहे! अडचण त्या कमांडींची. जीसीसी या कंपायलरचे बरेच फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचे पर्याय, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला कळत नाहीत, आणि फाइल पुसणारी 'आरएम' विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला ठाऊकच नाही.

सीमेक २००० च्या सुमारास किटवेअर कंपनीत तयार झालं, वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या आयटीके या लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाच्या) निमित्ताने. ती वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल्ड व्हायला हवी होती. इथे तुम्ही एवढंच सांगता: या फायलींचा हा प्रोग्राम, त्याला ही लायब्ररी. सीमेक मशीनवरचा कंपायलर शोधतं आणि लिनक्सवर मेकफाइल, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट लिहून देतं. सी, सी प्लस प्लस, फोरट्रान, कुडा अशा प्रोग्रामिंगच्या भाषा एकाच प्रोजेक्टमध्ये नांदतात.

म्हणजे त्या मुलांचा प्रोग्राम अजून झालेलाच नसतो. 'सीमेक डॅश डॅश बिल्ड' ही दुसरी कमांड द्यायची राहिलेली असते. ती मेकला, निंजा या मेकसारख्याच साधनाला, जे असेल त्याला कामाला लावते.

हे कळलं की एरर कुठे शोधायची तेही कळतं. 'लायब्ररी सापडली नाही' हे पहिल्या टप्प्यावर आलं तर तक्रार सीमेकची. सीमेकने लिहिलेली मेकफाइल हाताने दुरुस्त करू नका, कृपा करून; पुढच्या वेळी ती नव्याने लिहिली जाते. बिल्ड फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या मशीनवरही नेऊ नका. त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे सीमेकने साठवलेल्या नोंदींच्या फाइलमध्ये, जुन्या मशीनचे पूर्ण पाथ (फायलींचे पत्ते) असतात. फोल्डर पुसा, पुन्हा बनवा.

फक्त लिनक्सवर चालणारा, चार फायलींचा प्रोजेक्ट असेल, तर मी आजही साधी मेकफाइलच लिहितो.