पोटॅशियम वहन आणि आतड्याच्या पेशींतील आम्लता

आतड्याच्या अस्तरातील पेशींमधून पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) सतत आत-बाहेर होत असतात. पेशीद्रव किती आम्ल राहील हे बऱ्याच अंशी या ये-जा करण्यावर ठरते. कोल्हापुरात तांबडा रस्सा जास्त झाला की ‘पित्त झालं’ म्हणतात, ती आम्लता जठरातली. तिथला पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) १ ते २ पर्यंत उतरतो. या नोंदीचा विषय आहे पेशीच्या आतली आम्लता. तिथे पीएच साधारण ७.२ असतो आणि थोडा ढळला तरी विकरांचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे) काम बिघडते.

पेशीत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, बाहेरच्या द्रवात जेमतेम ४. ही तफावत पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप राखतो: दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. १९५७ मध्ये या पंपाचे विकर दाखवून देणारे डेन्मार्कचे येन्स स्कौ यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आम्ल बाहेर टाकण्याचे काम दुसऱ्याच प्रथिनाचे आहे. ते सोडियम आत घेते आणि बदल्यात हायड्रोजन आयन, म्हणजेच आम्ल, बाहेर सोडते. पेशीत सोडियम कमी असते म्हणूनच हे जमते. बाहेर पोटॅशियम फारच घटले की पंप मंदावतो, आत सोडियम साचते आणि आम्ल अडकून पडते. पोटॅशियमचा विचार केवळ स्नायू आणि मज्जातंतूंपुरता करणे म्हणूनच अपुरे आहे.

पोटॅशियमचा आम्लतेवर परिणाम होण्याची दुसरी वाट विद्युतभाराची. पेशीच्या आवरणातल्या वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपते, त्यामुळे पेशीचा आतला भाग ऋण राहतो. बाहेरचे पोटॅशियम वाढवले की हा ऋणभार उतरतो, सोडियमसोबत आम्ल शमवणारे बायकार्बोनेट आत यायला वाव मिळतो आणि पेशी अल्कधर्मी होऊ लागते.

मोठ्या आतड्यात जिवाणू अमोनिया तयार करतात. त्यापासून बनणारा अमोनियम आयन आकाराने पोटॅशियमसारखा, त्यामुळे तो पोटॅशियमच्याच पंपातून पेशीत शिरतो आणि आत हायड्रोजन आयन सोडून आम्लता वाढवतो. उलट उंदीर, गिनीपिग यांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात पोटॅशियम आत घेऊन आम्ल थेट बाहेर ढकलणारा पंप आढळतो. पँटोप्रॅझोलसारखी पित्तावरची औषधे जठरातला जो पंप बंद करतात, त्याचाच हा नातलग.

जुलाबात पोटॅशियम आणि बायकार्बोनेट दोन्ही वाहून जातात. रक्त आम्ल होते, स्नायू गळतात, आतड्याची हालचाल थंडावून पोट फुगते. पंचगंगेला २०१९ आणि २०२१ साली आला तसा पूर आला की पाणी दूषित होऊन जुलाबाचा धोका वाढतो. अशा वेळी घरचे मीठ-साखरेचे पाणी उपयोगी खरे, पण त्यात पोटॅशियम जवळजवळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार जलसंजीवनीच्या १ लिटरमध्ये १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असते. शिवाय तिच्यातल्या सायट्रेटपासून शरीरात बायकार्बोनेट बनते. शहाळे, केळे आणि मिसळीतली मटकी यांतूनही पोटॅशियम मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, कारण रक्तात वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते.