सेल लावण्याआधी हे वाचा
(आमच्याकडून सेलची आखणी करून घेणाऱ्या दुकानदारांसाठी माहितीपत्रक)

‘येत्या महिन्यात एक सेल लावून द्या’ असा निरोप आमच्याकडे सारखा येतो. आम्ही लगेच तारीख देत नाही, आधी कागद मागतो. मग दुसरा फोन ठरलेला: ‘साधी जाहिरात करायची, त्याला खरेदीची बिलं कशाला लागतात?’ दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच देतो.

दुकान चालवणाऱ्याला किरकोळ विक्री शिकवायचा आमचा इरादा नाही. पण धोरण ठरवताना एक गोष्ट समोर ठेवावी लागते. किरकोळ विक्रेता सहसा माल बनवत नाही. तो गठ्ठ्याने आलेला माल सुटा करतो, अनेक ठिकाणचा माल एका छपराखाली आणतो आणि गिऱ्हाइकाला हवा तेव्हा मिळावा म्हणून स्वतःचे पैसे गुंतवून साठवून ठेवतो. गिऱ्हाईक मार्जिन, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक, देतं ते या कामाचं. तेव्हा यातलं कोणतं काम, कोणत्या गिऱ्हाइकासाठी, शेजारच्या दुकानापेक्षा चांगलं करायचं एवढंच आधी ठरवायचं असतं. भाव कमी ठेवायचा तर खर्च कमी हवा. भरपूर निवड द्यायची तर साठा हवा. सल्ला द्यायचा तर जाणकार माणसं पगारावर हवीत. हे सगळं एकाच दुकानाला क्वचितच पेलतं, तरी आम्ही भरून घेतो त्या फॉर्ममध्ये बहुतेक जण सगळ्याच चौकटींत खूण करतात.

अमेरिकी प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मार्केटिंगची चार अंगं मांडली: माल, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. किरकोळ विक्रीत त्यांना मांडणी आणि माणसं अशी आणखी दोन जोडतात. आमच्याकडे येणारा प्रश्न मात्र नेहमी प्रसिद्धीचाच असतो. खरं तर भाव कमी करण्याची वाट मांडणीतूनही निघू शकते. क्लेरन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस इथे ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं. त्या काळी काउंटरमागचा नोकर माल काढून देई; इथे गिऱ्हाईकच रॅकवरून माल उचलून पैसे द्यायला येऊ लागलं. नोकरांवरचा खर्च कमी झाला आणि भाव उतरवायला जागा झाली. ती सूट एका आठवड्यापुरती नव्हती.

आता ज्या चुकीपायी तुमचे आणि आमचे दिवस वाया जातात तिच्याकडे येऊ. फॉर्ममध्ये ‘मार्जिन किती?’ असं विचारलेलं असतं. उत्तर येतं, २५ टक्के. आम्ही तो आकडा धरून सगळी आखणी करतो, आणि बिलं हाती आली की कळतं की माल ८० ला घेऊन १०० ला विकला जातो. वरचे २० हे ८० चे २५ टक्के झाले खरे, पण १०० चे ते २०च टक्के. खरेदीवर टक्के चढवून भाव काढण्यात गैर काही नाही. अडचण एवढीच की सूट तुम्ही विक्रीच्या भावावर देता. एक टक्केवारी ८० वर आणि दुसरी १०० वर, अशी वजाबाकी जमत नाही.

हा फरक किरकोळ वाटतो, म्हणून आकडेच पाहा. मार्जिन खरोखर २५ असेल, म्हणजे खरेदी ७५ ची असेल, तर १० टक्के सूट दिल्यावर नगामागे २५ ऐवजी १५ सुटतात. पूर्वी १०० नग विकून मिळणारा नफा टिकवायला १६७ नग खपावे लागतात. पण खरेदी ८० ची असेल तर २० चे १० उरतात, म्हणजे नफा थेट निम्मा. तिथे २०० नग खपायला हवेत. १६७ च्या हिशोबाने माल मागवला, पत्रकं छापली आणि सेल ‘जोरात’ झाला, तरी गल्ला मोठा दिसतो आणि नफा आधीपेक्षा कमी येतो. छपाईचा खर्च आम्ही यात धरलेलाही नाही. म्हणून मार्जिन नेहमी विक्रीवर काढा, आणि तेही कर वगळून.

दुसरी बाजू मालाच्या फिरतीची, म्हणजे साठा वर्षात किती वेळा विकून पुन्हा भरला जातो त्याची. ६० ला घेऊन १०० ला विकायचा माल वर्षात दोनदा फिरला, तर त्यात गुंतलेल्या दर १०० मागे वर्षाला साधारण १३३ ढोबळ नफा (दुकानाचे इतर खर्च वजा न करता) होतो. ८० ला घेतलेला माल १०० नेच विकून आठदा फिरला, तर तोच नफा २०० होतो. कमी मार्जिनचा माल पुढे निघून जातो तो असा. सूट द्यायचीच असेल तर आधी पडून राहिलेल्या, पैसे अडकवून बसलेल्या मालावर द्या. आपणहून उचलला जाणारा माल स्वस्त करून हाती काही लागत नाही.

कोणता माल पडून आहे हे बिलिंगमधून कळतं, पण नोंद नीट असेल तरच. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या एका सुपरमार्केटच्या काउंटरवर बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली. तेव्हापासून नगवार खप समजण्याची सोय वाढतच गेली आहे. घाईच्या वेळी सगळं ‘जनरल आयटम’ या एकाच कोडवर मारलं, तर मशीन असून नसल्यासारखं. आम्हाला वर्षाची यादी मिळते आणि तिच्यात सगळ्यात जास्त खपलेला माल निघतो ‘जनरल आयटम’!

तर भेटीला येताना गेल्या १२ महिन्यांची नगवार विक्री, त्याच मालाची खरेदीची बिलं आणि आजचा शिल्लक साठा घेऊन या. हे तिन्ही हाती असेल तर सूट कशावर, किती आणि किती दिवस हे पहिल्याच बैठकीत ठरतं. नोंदी लावलेल्या नसतील तर ते कामही आम्ही करून देतो, त्याचा आकार वेगळा पडतो आणि वेळही लागतो. हिशोबात सेलची गरज नाही असं निघालं तर तसं स्पष्ट सांगतो आणि रॅकची मांडणी किंवा मालाची निवड बदलून पाहायला सुचवतो. ती दोन्ही कामंही आमच्याकडे होतात.