अलेक्झांडर गिब्सन

अलेक्झांडर गिब्सन (१८००–१८६७) हा स्कॉटलंडचा सर्जन, एडिंबराला शिकलेला, १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असिस्टंट सर्जन म्हणून मुंबई इलाख्यात आला आणि पुढची पस्तीसेक वर्षं इथल्याच मातीत रमला. मराठी, हिंदुस्थानी, गुजराती शिकला. त्याच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचायचं काम होतं, तेव्हा लस बाटलीत मिळत नव्हती, एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातली लस काढून ती दुसऱ्याच्या दंडावर टोचायची, म्हणजे गावोगाव फिरणं आलं, आणि फिरता फिरता झाडं बघणंही आलंच. मुळात त्या काळी डॉक्टरला झाडं ओळखावीच लागायची, कारण निम्मी औषधं झाडपाल्याचीच होती.

१८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापुरीची, म्हणजे आजच्या दापोडीची, सरकारी बाग त्याच्या हातात आली. गव्हर्नर जॉन माल्कमने १८२८ मध्ये सुरू केलेली ही बाग नुसती शोभेची नव्हती, बाहेरची झाडं इथे रुजतात का ते बघायचं आणि सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती लावायच्या. जुन्नरकडे नारायणगावाजवळ हिवऱ्यालाही त्याची बाग होती.

१८४७ ला तो इलाख्याचा जंगल अधिकारी, कॉन्झर्व्हेटर, झाला, १८६० पर्यंत. मला त्याचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं. गोदीतल्या जहाजांसाठी सागवान तुटत होतं, आणि डोंगर उघडे पडले की झरे आटतात हे तो सरकारला कळकळीने लिहीत राहिला. पण डोंगर जाळून कुमरी शेती करणाऱ्यांवर त्याने बंधनं घातली, त्याचा भार गरीब माणसांवर पडला, हेही सांगायलाच हवं.

१८६१ मध्ये निकोल डाल्झेलसोबत त्याने ‘द बॉम्बे फ्लोरा’ काढलं, इथल्या वनस्पतींचं अगदी सुरुवातीचं मोठं पुस्तक.

दापुरीत १८४७ ते १८५० मध्ये त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची दीडशेहून जास्त रंगीत चित्रं काढून घेतली, पानाची शीर न् शीर दिसेल अशी. ती आज एडिंबराच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत, त्यांना दापुरीचंच नाव आहे, पण ती काढणाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.