पार्श्वभूमी : निळं पाणी, पांढरी पँट आणि टीव्हीवरची पाळी

पॅडच्या जाहिरातीतलं रक्त निळं का, हा प्रश्न आता विनोदाला घ्यावा इतका जुना झाला आहे. त्या निळ्या पाण्यात निम्मा संकोच परदेशातून आलेला आहे आणि निम्मा आपल्या घरचा.

परदेशातला आधी पाहू. विकतचं पॅड रुळलं ते पहिल्या महायुद्धातल्या जखमांच्या पट्ट्यांवरून. कोटेक्स 1920च्या सुमारास अमेरिकेत विकायला आलं, पण दुकानदाराकडे ते मागायचं कसं? म्हणून काही दुकानांत पुडे काउंटरवर मांडून शेजारी पैशांची पेटी ठेवत, म्हणजे कुणाशी बोलायलाच नको. चाळीसच्या दशकाच्या शेवटी 'मोडेस' या पॅडच्या जाहिरातींत भारी गाऊनमधली मॉडेल उभी असे आणि खाली 'मोडेस... बिकॉज' एवढंच. कशाची जाहिरात, ते बाईने ओळखायचं. टीव्हीवर तर तिथल्या प्रसारक संघटनेच्या नियमांमुळे 1972पर्यंत या जाहिरातींना बंदीच होती. 'पीरियड' हा शब्द अमेरिकी टीव्हीवरच्या जाहिरातीत पहिल्यांदा ऐकू आला 1985 साली, टॅम्पॅक्स या टॅम्पॉनच्या जाहिरातीत, अभिनेत्री कोर्टनी कॉक्सच्या तोंडून.

आपल्याकडे दूरदर्शनवर जाहिराती 1 जानेवारी 1976पासून सुरू झाल्या. पॅडच्या जाहिराती घरोघर दिसू लागल्या त्या मात्र ऐंशीच्या दशकाचा शेवट आणि नव्वदीत. घरात टीव्ही एकच, त्यासमोर आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सगळे. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसलेली आई ज्यांनी पाहिली होती, तीच माणसं आता मालिकेच्या मध्ये पॅड पाहत होती. कुणी पाणी प्यायला उठे, कुणी आवाज कमी करी, बाबांना अचानक पेपरातली बातमी महत्त्वाची वाटे.

जाहिरातवाल्यांनी या अवघडलेपणाला धक्का लावला नाही, उलट तोच कामाला लावला. साचा ठरलेला: दोन पॅड शेजारी शेजारी, वरून काचेच्या भांड्यातून निळं पाणी, 'साधारण पॅड' ओलंचिंब, दुसरं कोरडं. मग पांढरी पँट घातलेली मुलगी उड्या मारत येणार. पाळीचं नाव नाही, नुसतं 'उन दिनों में'. घर सांगत होतं, देवघरात जाऊ नको, लोणच्याला हात लावू नको. जाहिरात सांगू लागली, कुठेही जा, फक्त कुणाला कळू देऊ नको. विटाळाची भीती थोडी मागे सरली आणि तिची जागा डागाच्या भीतीने घेतली. तरीही या जाहिरातींना सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही. घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं तेव्हा, घडी घातलेल्या कापडाशिवाय दुसरं काही असतं, एवढं तरी त्यांनी मुलींना सांगितलं.

पडद्यावर दिसणाऱ्या बाईलाही याची किंमत मोजावी लागेल असं मानलं जाई. स्मृती इराणींनी मंत्री असताना आपली पंचवीस वर्षांपूर्वीची पहिली जाहिरात समाजमाध्यमावर टाकली. ती पॅडचीच होती. असं काम केलं की ग्लॅमरचं करिअर संपलं, असं तेव्हा लोक सांगत, हेही त्यांनी लिहिलं. गंमत अशी, की डिसेंबर 2017मध्ये कंडोमच्या जाहिराती सकाळी 6 ते रात्री 10 दाखवू नका असं माहिती-प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना बजावलं, तेव्हा त्या खात्याच्या मंत्री त्याच होत्या.

एकीकडे पाळीचं नाव घ्यायला संकोच, पण बाईच्या शरीरात खोट काढायला संकोच नाही. 2012मध्ये 'क्लीन अँड ड्राय'च्या जाहिरातीने योनीभोवतीची त्वचा उजळ करण्याचा उपाय विकायला काढला. गोरेपणाचं क्रीम चेहऱ्यावर थांबत नाही, हे त्यामुळे उघड झालं. बोंबाबोंब झाली ती रास्तच होती.

2014च्या सुमारास व्हिस्परने 'टच द पिकल' मोहीम काढली आणि थेट लोणच्याच्या बरणीला हात घातला. 2015मध्ये तिला कानच्या जाहिरात महोत्सवात 'ग्लास लायन' या विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. लाल रंगाला आणखी वेळ लागला. ब्रिटनमध्ये बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडने 2017मध्ये निळं पाणी सोडून लाल द्रव दाखवला. ऑस्ट्रेलियात त्याच मोहिमेची जाहिरात 2019मध्ये सर्वाधिक तक्रारींची ठरली, तक्रारी फेटाळल्या गेल्या तो भाग वेगळा. भारतात 2020मध्ये राधिका आपटेच्या 'रिओ' पॅडच्या जाहिरातीत लाल दिसलं, तक्रारी जाहिरात मानक परिषदेकडे गेल्या आणि परिषदेने जाहिरातीला आडकाठी केली नाही.

वापरलेलं पॅड पुढे जातं कुठे, हे या सगळ्या प्रवासात जाहिरातीने क्वचितच विचारलं. ते विचारलं पुण्याच्या 'स्वच्छ' संस्थेतल्या कचरावेचक बायकांनी. उघडी पॅड हातांनी वेगळी करावी लागतात म्हणून 2013मध्ये त्यांनी पिशव्या भरभरून वापरलेली पॅड थेट उत्पादक कंपन्यांना पाठवली. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे हात लावण्याआधी कळेल, ही मोहीमही पुण्यातलीच. वापरलेलं पॅड टाकण्यासाठीचं पाकीट कंपन्यांनीच पॅडसोबत द्यावं, ही तरतूद नंतर 2016च्या घनकचरा नियमांत आली.