राजाबाई टॉवर मागे का पडतो, आणि मुंबई बघायला कुठली लेन्स न्यावी

भाचा दोन दिवस मुंबईत राहून गेला. फोर्ट, काळा घोडा, ओव्हल, गेटवे, सगळं पायी फिरला आणि रात्री मला चाळीसेक फोटो पाठवले, खाली एकच ओळ, ‘मावशी, लेन्स खराब निघाली वाटतं, सगळ्या बिल्डिंगा मागे पडतायत.’ फोटो बघितले तर खरंच, राजाबाई टॉवर पाठीवर आडवा होतोय की काय असा दिसत होता. त्यानं एका दुकानात दाखवलं तर तिथे सांगितलं की वाइड लेन्सला असं व्हायचंच, महागातली घ्या. हे ऐकून मला राहवेना, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोक विनाकारण पैसे घालवतात. लेन्स अगदी ठणठणीत होती. बिल्डिंग पडली ती कॅमेरा वर उचलल्यामुळे.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून रूळ बघा. लांब जाताना ते एकमेकांजवळ येतात आणि शेवटी एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, याचं कुणालाच काही वाटत नाही, फोटोतही ते तसेच आले तर आपण म्हणतो छान आलाय. टॉवरच्या दोन कडा म्हणजे उभे केलेले रूळच, वर जातील तशा त्या आपल्यापासून लांब जातात आणि जवळजवळ येतात. पण भिंती उभ्या असतात हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की प्रत्यक्ष मान वर करून बघताना मेंदू ते सांभाळून घेतो, आणि तेच हातातल्या सपाट फोटोत दिसलं की खटकतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कॅमेऱ्यातला सेन्सर ही एक सपाट पाटी आहे असं धरा. एखादी वस्तू फोटोत किती मोठी येणार हे तिच्या पाटीपासूनच्या लंब अंतरावर ठरतं, आपल्यापासूनच्या तिरक्या अंतरावर नाही. हे एवढं एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. कॅमेरा सरळ समोर धरलात तर पाटी भिंतीला समांतर, म्हणजे टॉवरचा पाया आणि टॉवरचा शेंडा दोन्ही पाटीपासून सारख्याच लंब अंतरावर! शेंडा आपल्यापासून तिरका कितीही लांब असो, फोटोत त्याची रुंदी पायाएवढीच येणार आणि कडा समांतर राहणार. कॅमेरा वर उचलला की पाटी कलते, पाया जवळ येतो, शेंडा लांब जातो.

किती लांब ते मोजू. राजाबाई टॉवर साधारण ८५ मीटर उंच. तुम्ही त्याच्यापासून ५० मीटरवर उभे आहात, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा धरलाय आणि ३० अंश वर उचललाय, तर पूर्ण टॉवर फ्रेममध्ये मावतो. पण पाटीपासून लंब अंतर काढलं तर पायाचं येतं ४३ मीटर आणि शेंड्याचं ८५ मीटर. दुप्पट! म्हणजे टॉवर खालपासून वरपर्यंत एकाच रुंदीचा असता तरी फोटोत त्याचा शेंडा बुंध्याच्या निम्मा आला असता. यात लेन्सचा दोष कुठे आहे? तिथेच उभं राहून लांबच्या लेन्सनं तुकड्यातुकड्यानं फोटो काढलेत आणि तेवढ्याच कललेल्या पाटीवर जोडलेत तरी हेच चित्र तयार होईल.

मग कॅमेरा न उचलता अख्खा टॉवर कसा घ्यायचा? इथे दहावीचे समरूप त्रिकोण कामाला येतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, कॅमेरा उभा धरला की मध्यापासून वरची बाजू १८ मिलिमीटर. १८ भागिले फोकल लेन्थ (म्हणजे लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) जेवढं येईल, तेच गुणोत्तर टॉवरची डोळ्याच्या वरची उंची भागिले आपलं अंतर. २४ च्या लेन्सला हे ०.७५ येतं, म्हणून राजाबाई टॉवरसाठी १११ मीटर मागे जावं लागतं, ३५ च्या लेन्सला १६२ आणि ५० च्या लेन्सला २३२ मीटर. ओव्हल मैदानात शिरून एवढं मागे सरकायला जागा आहे, नशीब आपलं. गेटवे फक्त २६ मीटर उंच, त्यामुळे २४ ला ३३ मीटर पुरतात. पण फोर्टातल्या गल्ल्यांत समोरच्या दुकानाला पाठ टेकली की संपलं, तिथे १६ किंवा त्याहून वाइड लागते. वाइड लेन्स घ्यायची ती यासाठी, ‘जास्त मावतं’ म्हणून नव्हे, तर कॅमेरा सरळ धरूनही वरचं टोक फ्रेममध्ये यावं म्हणून.

सरळ धरल्यावर अर्थात खालचा अर्धा फोटो रस्ता, टॅक्सी आणि लोकांचे पाय यांनी भरतो, क्षितिज बरोब्बर मध्यावर येतं. तो भाग कापून टाका, बस. जुने फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या काळात भात्याचे मोठे कॅमेरे असायचे, त्यांच्यात लेन्स बसवलेली फळी वर सरकवता यायची, पाटी मात्र उभीच राहायची, त्यामुळे फ्रेममधला रस्ता कमी व्हायचा आणि आकाश वाढायचं. आज शिफ्ट लेन्स नावाची महागडी लेन्स मिळते ती नेमकं हेच करते. आणि वाइड फोटो काढून खालचा भाग कापणं हे गणितात अगदी तेच आहे, फक्त पिक्सेल कमी उरतात. फोनवरची ०.५ वाली लेन्स याला उत्तम. सॉफ्टवेअरमध्ये नंतर सरळ करता येतं तेही खरं, पण वर केलेल्या हिशोबातला निम्मा शेंडा दुप्पट ताणावा लागतो आणि तो भाग धूसर होतो, त्यापेक्षा जागेवरच कॅमेरा सरळ धरलेला बरा.

एक मर्यादा मात्र आहे, आणि इथे थोडी त्रिकोणमिती लागेल. सपाट भिंत सरळ येते, पण गोल वस्तू फ्रेमच्या कडेला ताणल्या जातात, किती तर मध्यापासूनच्या कोनाच्या कोसाइननं एकाला भागून जे येतं तेवढ्या. २४ च्या लेन्सला आखूड कडेच्या मध्यावर कोन जवळजवळ ३७ अंश, म्हणजे १.२५ पट, १६ च्या लेन्सला ४८ अंशांच्या आसपास, म्हणजे दीडपट. ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या काकूंचं डोकं भोपळ्यासारखं येतं ते यामुळे, काकूंना दोष देऊ नका, त्यांना मध्ये उभं करा. सीएसएमटीचा घुमटही फार जवळून, अगदी वाइडनं, फ्रेमच्या वरच्या काठाला घेतलात तर अंड्यासारखा लांबट होतो. म्हणून जागा असेल तिथे मागे जायचंच.

‘५० ची लेन्स म्हणजे माणसाचा डोळा’ हेही सारखं ऐकू येतं. फुल फ्रेमवर ५० ला आडवे सुमारे ४० अंश दिसतात, आपल्या दोन डोळ्यांना मिळून १८० च्या आसपास दिसतं आणि त्यातलं एकदम स्पष्ट फक्त मधले एक-दोन अंश, त्यामुळे तुलनाच बसत नाही. तसंच ‘टेलीफोटो, म्हणजे लांबची लेन्स, मागचं जवळ ओढते’ हेही. ओढतात ते आपले पाय. मैत्रीण तुमच्यापासून २ मीटरवर, गेटवे तिच्या मागे ६० मीटरवर, म्हणजे गेटवे तिच्या ३१ पट लांब. आता ५ मीटर मागे जाऊन, म्हणजे तिच्यापासून ७ मीटरवरून, ८५ च्या लेन्सनं तिला तेवढीच मोठी घ्या. गेटवे ६७ मीटरवर, जेमतेम साडेनऊ पट लांब, म्हणून तिच्या तुलनेत तो आधीच्या तिपटीहून मोठा दिसायला लागतो. लेन्सनं फक्त चौकट कापली.

भाच्याला मी शेवटी काय सांगितलं तर एक वाइड झूम, त्याच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १० ते १८ वाली, आणि एक ३५ ची एफ १.८. दुसरी अशासाठी की काळा घोड्याच्या आसपास संध्याकाळ पडली की कॅमेऱ्यासोबत आलेली किटची झूम हात टेकते, एफ ४ पेक्षा एफ १.८ मध्ये जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो, आणि रस्त्यात ट्रायपॉड लावला की कोणी ना कोणी हटकतंच. लांबची लेन्स वाटली तर न्यावी. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, एकीकडे वाघ, आणि भिंतींवर दगडात कोरलेले पक्षी-प्राणी, पानंफुलं, त्यातलं बरंचसं काम इथल्याच आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. ते खालून डोळ्यांना दिसतच नाही, २०० च्या लेन्समधून पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास फूटपाथवरून हलले नव्हते. पण १०० पट झूमच्या फोनच्या जाहिरातींवर जाऊ नका, त्यातली बहुतेक पटी म्हणजे तोच तुकडा कापून मोठा केलेला असतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढायचा नाही. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी लगेच बसतं, ग्लासभर बर्फाच्या पाण्याला बाहेरून सुटतं तसं. पंधरावीस मिनिटं बॅगेची चेन बंद ठेवा. आणि रिमझिम पावसात फ्लॅश मारल्यावर फोटोत पांढरे गोळे आले तर ते जुन्या वास्तूतले आत्मे नाहीत, असले फोटो व्हॉट्सॅपवर फिरवून लोकांना घाबरवणं थांबायला हवं. लेन्सच्या अगदी पुढ्यात, काही सेंटिमीटरवर पावसाचा थेंब किंवा धुळीचा कण असतो, शेजारच्या फ्लॅशचा उजेड त्यावरून सरळ परत येतो, तो फोकसमध्ये नसतो म्हणून पसरून गोल दिसतो. फ्लॅश बंद करून त्याच जागी परत फोटो काढा, गोळे गायब.

गेल्या रविवारी भाचा परत ओव्हलला गेला, यावेळी कॅमेरा सरळ धरून, चांगला मागे जाऊन. टॉवर ताठ उभा आलाय. खालचा अर्धा भाग कापायला सांगितला होता, तो त्यानं नाही कापला, कारण त्यात क्रिकेटची मॅच चालू आहे आणि बोलर नेमका उडी मारून हवेत आहे.